सोळा वेळां पडलेला योद्धा

पुष्कळशा खेळांना जन्मतिथि नसते. कुस्तीचा पहिला जोड कोणत्या मातींत सुटला किंवा पहिली शर्यत कोणत्या माळावर धांवली गेली, हें कोणी सांगूं शकत नाहीं. किकबॉक्सिंग हा खेळ मात्र या नियमाला अपवाद आहे. त्याचें नांव कोणी ठेविलें, त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम कोणत्या शहरांत व कोणत्या दिवशीं झाला, हें सर्व नोंदलेलें आहे. ११ एप्रिल १९६६ रोजीं जपानमधील ओसाका शहरच्या क्रीडागारांत हा खेळ प्रथम लोकांपुढें आला. नांव इंग्रजी शब्दांचें खरें. पण तें इंग्लंडांत अगर अमेरिकेंत जन्मलें नाहीं. नोगुची ओसामू नांवाच्या एका जपानी माणसानें तें घडविलें. आणि ज्या तरुणाच्या अंगावर हा सारा खेळ उभा राहिला, त्याचें नांव सावामुरा तादाशी. त्याची कीर्ति, त्याची फजिती आणि त्याचें मौन, या तिहींचा विचार केल्यावांचून या खेळाचा इतिहास पुरा होत नाहीं.

या विद्येचें मूळ पाहूं गेल्यास सयाम देशांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, जावें लागतें. तेथील मुएथाई ही मुष्टियुद्धाची परंपरा फार जुनी. दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे व दोन पाय अशा आठ अंगांनीं तींत लढावयाचें असतें. झुंज सुरू होण्यापूर्वीं मल्ल गुरूला वंदन करून संथ नृत्य करतो, आणि सनईच्या जातीचें एक वाद्य, ढोल व झांजा यांच्या तालावर पुढील सर्व फेऱ्या चालतात. बँकॉक येथील राजदमनेर्न क्रीडागार १९४५ सालीं आणि लुंपिनी क्रीडागार १९५६ सालीं उघडलें. या दोन जागांचा किताब म्हणजे त्या देशांतील मल्लांच्या आयुष्याचें सार्थक. खेड्यांतील गरीब घरचीं मुलें कोवळ्या वयांतच तालमींत येतात आणि मिसरूड फुटेपर्यंत त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या पदरीं अनेक सामन्यांचा अनुभव जमा होतो. त्यांची लाथ पावलानें बसत नाहीं, नडगीनें बसते. आणि ती नडगी वर्षानुवर्षांच्या सरावानें लाकडासारखी टणक झालेली असते.

जपानी कराटेची शिस्त याहून अगदीं निराळी. बहुतेक पंथांच्या स्पर्धांत ठोसा प्रतिपक्ष्याच्या अंगाशीं आणून तेथेंच थांबविण्याची चाल होती. यांत संयम होता, सौंदर्य होतें. परंतु "हा ठोसा खरोखर बसला असता तर काय झालें असतें," हा प्रश्न प्रत्येक सामन्यानंतर शिल्लक राही. एका घावांत शत्रु लोळविण्याचा आदर्श कराटेवाले मोठ्या अभिमानानें सांगत. त्या आदर्शाची परीक्षा कोठें व्हावी? यामादा तात्सुओ नांवाच्या एका कराटे-शिक्षकानें १९५९ सालींच असा विचार मांडला होता कीं, प्रत्यक्ष प्रहारांचा एक नवा खेळ काढावा व त्यासाठीं मुएथाईचा अभ्यास करावा. पुढें १२ फेब्रुवारी १९६४ रोजीं कुरोसाकी केंजी, नाकामुरा तादाशी आणि फुजिहिरा आकिओ हे तीन कराटेपटु लुंपिनी क्रीडागारांत थाई मल्लांशीं लढले. दोघे तरुण जिंकले. त्यांचा वडीलधारा कुरोसाकी मात्र कोपराच्या आघातानें पडला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन विरुद्ध एक हा जय वाटला. पण कुरोसाकीच्या मनांत तो एकच पराभव घर करून राहिला, आणि त्याचें फळ चौदा वर्षांनीं दिसलें. तें पुढें येईलच.

नोगुची ओसामू हा या सर्व हालचालींच्या मध्यभागीं होता. त्याचा बाप जुन्या काळचा मुष्टियोद्धा, आणि भाऊ नोगुची क्यो यानें १९६२ सालीं तोक्यो येथें थाई जगज्जेता पोन किंगपेच याच्याशीं किताबासाठीं सामना दिला होता. ओसामू स्वतः लढणारा नव्हे, सामने जुळविणारा. आपल्याकडील भाषेंत सांगावयाचें तर जोड लावणारा. लोकांना काय पाहावेंसें वाटेल, हें त्याला नेमकें कळत असे. त्या वेळीं जपानांत दूरचित्रवाणीचे संच घरोघर येऊन पोंचले होते. युद्धांत पराभूत झालेल्या राष्ट्राला धिप्पाड परदेशी मल्लांना लोळवून दाखविणारा रिकिदोझान हा कुस्तीगीर डिसेंबर १९६३ मध्यें मरण पावला होता. त्याची जागा रिकामी होती. ती भरून काढणारा एखादा देशी वीर आणि त्याला शोभेल असा एखादा नवा खेळ, या दोहोंची उणीव नोगुचीनें ओळखली. मुएथाईपासून वेगळें दिसावें म्हणून आरंभीच्या नियमांत त्यानें फेंकीचे डाव व डोक्याची टक्कर यांनाही मुभा ठेविली होती. ही मुभा पुढें काढून टाकण्यांत आली. तथापि सर्व विद्यांची सरमिसळ करण्याची जी कल्पना पुढील पिढीला नवी वाटली, तिचें बीज येथेंच पडलेलें दिसतें.

आतां राहिला वीर. त्याचें खरें नांव शिराहा हिदेकी. १९४३ सालीं मांचुरियांत जन्मलेला हा मुलगा युद्धाच्या अखेरीस जपानांत परत आलेल्या असंख्य कुटुंबांपैकीं एका कुटुंबांतला. तोक्योच्या निहोन विद्यापीठांत कलाशाखेंत त्यानें चित्रपटाचा अभ्यास केला आणि त्याच काळांत कराटेंत नांव मिळविलें. देखणा चेहरा, सडसडीत बांधा, शिकलेला मुलगा. नोगुचीनें त्याला सावामुरा तादाशी हें नांव दिलें आणि आखाड्यांत उभें केलें. ओसाकाच्या त्या पहिल्या कार्यक्रमांत सावामुरानें आपल्या थाई प्रतिपक्ष्यास दुसऱ्याच फेरींत निकालांत काढिलें. वीर सांपडला, असें सर्वांना वाटलें. कराटेच्या एका घावाची कथा खरी ठरली, असेंही कित्येकांना वाटलें असेल.

तें वाटणें दहा आठवडेच टिकलें. २१ जून १९६६ रोजीं तोक्योच्या शिबुया भागांतील रिकि स्पोर्ट्‌स पॅलेस येथें सावामुराची दुसरी झुंज झाली. ही वास्तु रिकिदोझाननेंच बांधविलेली, हा एक योगायोग. समोर उभा होता सामान नांवाचा थाई मल्ल. हा प्रतिपक्षी खरोखरच तयारीचा होता. नडगीच्या लाथा, जवळ ओढून मारलेले गुडघे, मध्येंच येणारें कोपर. यांपैकीं कशालाही त्या तरुणापाशीं उत्तर नव्हतें. तो पडला. उठला. पुन्हां पडला. पंच अंक मोजीत होता आणि दर वेळीं हा मनुष्य दोर धरून उभा राहत होता. चौथ्या फेरींत तो अखेरचा कोसळला, तेव्हां त्याच्या पडण्याची संख्या सोळा झाली होती. अंगावर जागोजाग जखमा, चेहरा ओळखूं न येण्याजोगा, अशा स्थितींत त्याला इस्पितळांत न्यावें लागलें.

या सोळा वेळां पडण्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. त्याचा एक अर्थ असा कीं, ज्या विद्येवर तो विसंबून होता ती या आखाड्यांत अपुरी पडली. अंगाशीं येऊन थांबणारा ठोसा मारण्याचा सराव असलेल्या माणसाला, न थांबणारी लाथ सहन करण्याचा सराव नव्हता. परंतु दुसराही एक अर्थ आहे. सोळा वेळां पडावयाचें तर पंधरा वेळां उठावें लागतें. ज्याला पहिल्या तीन-चार वेळां पडल्यावर खालींच राहणें सहज शक्य होतें, आणि त्याबद्दल ज्याला कोणी नांवें ठेविलीं नसतीं, तो पंधरा वेळां कां उठला? या प्रश्नाला शास्त्रांत उत्तर नाहीं. एवढें मात्र खरें कीं, सावामुरानें हा व्यवसाय सोडला नाहीं. तो बरा झाला, लाथ मारण्याची व लाथ अडविण्याची थाई रीत शिकला, आणि पुन्हां दोरांच्या आंत उभा राहिला.

त्यानंतरचा उत्कर्ष विलक्षण वेगाचा आहे. १९६८ पासून टी. बी. एस. या दूरचित्रवाणी संस्थेनें दर आठवड्यास किकबॉक्सिंग दाखविण्यास आरंभ केला. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीं घरोघर सावामुरा दिसूं लागला. त्याचा एक डाव तर मुलामुलांच्या तोंडीं झाला. धांवत येऊन हवेंत उंच उडी घ्यावयाची आणि गुडघा प्रतिपक्ष्याच्या हनुवटीवर हाणावयाचा. या डावाला "निर्वात-उड्डाण-गुडघा" अशा अर्थाचें भारदस्त नांव मिळालें. निर्वाताचा येथें कांहीं संबंध नव्हता. पण नांव ठेवणाऱ्यांना मुलांचें मन कळत होतें. शाळेच्या अंगणांत मुलें उड्या मारूं लागलीं. काजिवारा इक्की या प्रसिद्ध कथालेखकानें त्याच्यावर "किक नो ओनी", म्हणजे लाथेचा राक्षस, ही चित्रकथा रचिली, आणि तिच्यावरून निघालेली चलच्चित्रमालिका ऑक्टोबर १९७० पासून मार्च १९७१ पर्यंत दाखविली गेली. हयात असलेला, आखाड्यांत लढणारा मनुष्य आपल्याच काल्पनिक रूपाशीं स्पर्धा करूं लागला.

या कीर्तीचा कळस १९७३ सालीं झाला. त्या वर्षीं जपानचा लाडका बेसबॉलपटु ओ सादाहारु यानें आपल्या खेळांतील फलंदाजीचे तिन्ही मान एकाच हंगामांत मिळविले होते, आणि त्याचा संघ लागोपाठ नवव्या वर्षीं राष्ट्रीय विजेता ठरला होता. असें असूनही व्यावसायिक क्रीडापटूंसाठीं असलेलें त्या वर्षीचें सर्वोच्च राष्ट्रीय पारितोषिक सावामुराला देण्यांत आलें. त्याच वर्षीं नोगुचीच्या आश्रयाखालील गायक इत्सुकी हिरोशी याला ध्वनिमुद्रिकांचें सर्वोच्च पारितोषिक लाभलें. एकाच व्यवस्थापकाच्या घरीं एकाच वर्षीं हे दोन्ही मान आले. नोगुचीची नजर किती अचूक होती, याला याहून वेगळा पुरावा नको.

परंतु येथेंच शंकेचें बोट शिरतें. सावामुराची जी कारकीर्द सांगितली जाते, तिचे आंकडे असे आहेत: एकंदर सामने २४१, जय २३२, त्यांपैकीं प्रतिपक्ष्यास आडवें करून मिळविलेले २२८, पराजय ५, बरोबरी ४. सुमारें दहा वर्षांत २४१ सामने, म्हणजे महिन्यास जवळजवळ दोन. मुष्टियुद्धांतला नामांकित योद्धा वर्षाकांठीं चार-पांच मोठे सामने लढला तरी पुष्कळ मानतात. आणि २३२ पैकीं केवळ ४ जय पंचांच्या निर्णयावर लागावेत, बाकी सर्वांत समोरचा मल्ल कोसळावा, हें गणितच मनाला खटकतें. थायलंडांतून आणविलेले सर्व मल्ल पहिल्या प्रतीचे नव्हते, आणि कांहीं सामन्यांचा निकाल आधींच ठरलेला असे, असा आक्षेप पुढें अनेक टीकाकारांनीं घेतला. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. दर आठवड्याला ठराविक वेळीं ठराविक रोमांच पुरविण्याची जबाबदारी ज्या खेळावर येऊन पडते, त्याला हा मोह आवरणें कठीण जातें. दूरचित्रवाणीची भूक रोजची असते, आणि खरा सामना तर कधीं तिसऱ्या फेरींत संपतो, कधीं कंटाळवाणा होतो, कधीं आपलाच नायक पाडतो.

तथापि या आक्षेपानें २१ जूनची ती रात्र पुसली जात नाहीं. नव्या व्यवसायाच्या आरंभींच कोणी आपल्या नायकाची अशी दुर्दशा ठरवून करणार नाहीं. ते सोळा पतन खरे होते. आणि दर पंधरा दिवसांनीं उडी घेणाऱ्या गुडघ्यावर, कंबरेवर, डोक्यावर जो ताण पडे, तोही खराच होता. निकाल ठरलेला असला तरी हाडें ठरवून दुखत नाहींत. सावामुराच्या चरित्राकडे पाहतांना हीं दोन्ही सत्यें एकाच वेळीं जवळ बाळगावीं लागतात.

आतां कुरोसाकीकडे वळूं. लुंपिनी येथें कोपरानें पडलेल्या या शिक्षकानें १९६९ सालीं तोक्योच्या मेजिरो भागाच्या नांवानें एक तालीम काढली. तिची कीर्ति कठोरपणाबद्दल होती. तेथें इवाते प्रांतांतून आलेला फुजिवारा तोशिओ नांवाचा तरुण घडला. सावामुराच्या मानानें त्याचें नांव घरोघर पोंचलें नाहीं. त्याच्या नांवाची चित्रकथा मुलांच्या हातीं आली नाहीं. पण १८ मार्च १९७८ रोजीं तोक्योच्या कोराकुएन सभागृहांत त्यानें मोंगसावान या थाई मल्लास चौथ्या फेरींत पराभूत करून राजदमनेर्न क्रीडागाराचा हलक्या वजनाचा किताब मिळविला. थायलंडाबाहेरच्या माणसानें हा मान घेण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढें त्याच वर्षीं बँकॉकमध्यें तो किताब त्याच्या हातून गेला, हेंही खरें. परंतु तो गेला तेव्हां थाई लोकांच्याच घरीं, त्यांच्याच पंचांसमोर, उघड्या झुंजींत गेला. फुजिवाराच्या कारकीर्दींत १४१ सामने, १२६ जय व १३ पराजय आहेत. तेरा पराजय ही संख्या या पत्रकांत कमीपणाची नव्हे. तीच त्याची साक्ष आहे.

असा एका खेळाच्या पोटीं दोन मार्ग निघाले. एकानें खेळाला प्रेक्षक दिला, दुसऱ्यानें प्रतिष्ठा. पहिल्यावांचून दुसरा पोसला गेला नसता. दुसऱ्यावांचून पहिला केवळ तमाशा ठरला असता. न्याय करावयाचा तर दोघांचाही वांटा मान्य केला पाहिजे.

फुजिवाराच्या त्या जयाच्या आदल्याच वर्षीं, १९७७ सालीं, सावामुरानें निवृत्ति जाहीर केली होती. तो गेला तसा प्रेक्षकही ओसरला, आणि तें दशक संपतां संपतां टी. बी. एस.वरील किकबॉक्सिंगचे साप्ताहिक कार्यक्रमही बंद झाले. नवल यापुढेंच आहे. देशांतील सर्वांत ओळखीचा चेहरा एकाएकीं दिसेनासा झाला. त्यानें चित्रपट केले नाहींत, तालीम काढून आपलें नांव विकलें नाहीं, जुन्या दिवसांच्या आठवणी सांगत तो फिरला नाहीं. लोकांना हें मौन सहन होईना. डोक्यावरील आघातांनीं त्याला वेड लागलें, असें कोणी म्हणे. तो केव्हांच मेला, असें दुसरा कोणी खात्रीनें सांगे. वस्तुस्थिति अगदीं साधी होती. शिराहा हिदेकी हा गृहस्थ आपल्या खऱ्या नांवानें मोटारींच्या व्यवसायांत पडून चारचौघांसारखा संसार करीत होता. सावामुरा तादाशी हें नांव नोगुचीनें दिलेलें होतें. तें त्यानें आखाड्याच्या दोरावर टांगून ठेविलें आणि तो घरीं गेला.

या खेळाचा वंश मात्र वाढत राहिला, आणि तो बहुतांशीं कुरोसाकीच्या तालमींतून वाढला. यान प्लास या डच माणसानें तेथें शिक्षण घेऊन १९७८ सालीं ॲम्स्टरडॅममध्यें त्याच मेजिरो नांवाची तालीम काढली, आणि हॉलंड देश या विद्येचें दुसरें माहेर झाला. ३० एप्रिल १९९३ रोजीं इशिइ काझुयोशी यानें तोक्योंत "के-वन" ही स्पर्धा सुरू केली, तेव्हां तिच्या पहिल्या दहा वर्षांत सात वेळां विजेतेपद एर्नेस्तो हूस्त व पीटर आर्त्स या दोन डचांकडे गेलें. मेजिरोच्याच तालमींत लाथा शिकलेल्या सायामा सातोरु यानें पुढें मुखवटा घालून व्यावसायिक कुस्तींत अपार लोकप्रियता मिळविली, आणि मग ती सोडून ठोसा, लाथ, फेंक व जमिनीवरील पेंच या सर्वांचा मिलाफ करणारी "शूटो" ही स्पर्धा उभारली. ठरलेल्या निकालांच्या जगांतून बाहेर पडून खऱ्या झुंजीकडे जाणारा हा प्रवास ध्यानांत घेण्याजोगा आहे. आज जिला मिश्र युद्धकला म्हणतात, तिचा जपानमधील पाया या मार्गानें पडला. दोन्ही प्रकारांत लढलेला सुदो गेंकी यासारखा योद्धा ३१ डिसेंबर २००६ रोजीं शेवटचा सामना जिंकून निवृत्त होतो आणि २०१९ सालीं संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून जातो, हेंही त्याच वंशाचें एक पान.

२६ मार्च २०२१ रोजीं वयाच्या ७८ व्या वर्षीं फुप्फुसाच्या कर्करोगानें सावामुरा मरण पावला. नोगुची त्याच्या पांच वर्षें आधीं गेला होता. पुढील वर्षीं, १९ जून २०२२ रोजीं, नासुकावा तेन्शिन व ताकेरु या दोन जपानी किकबॉक्सरांची झुंज पाहण्यास तोक्यो डोम क्रीडागारांत ५६,३९९ प्रेक्षक जमले. ही झुंज दूरचित्रवाणीवरून दाखविण्याचें आधीं ठरलें होतें, पण आयत्या वेळीं तें रद्द झालें. लोकांनीं स्वतंत्र पैसे मोजून ती इंटरनेटवर पाहिली. ज्या साधनानें या खेळाला वाढविलें, त्याच्यावांचूनही तो उभा राहूं शकतो, हें त्या रात्रीं सिद्ध झालें. समोरासमोर उभे असलेले दोघेही जपानी होते, झुंज शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि निर्णय पंचांनीं दिला.

सावामुराच्या २३२ विजयांपैकीं किती शुद्ध व किती सजविलेले, हा वाद चालूच राहील. त्याच्या चाहत्यांच्या मनांत तो गुडघा अजून हवेंत आहे. परंतु इतिहासाला त्याच्याविषयीं निःशंकपणें जें सांगतां येतें, तें त्याच्या जयाविषयीं नसून एका पराजयाविषयीं आहे, आणि ज्या पंधरा वेळां तो उठून उभा राहिला, त्यांच्याविषयीं आहे.